पसंतीक्रमात आयपीएस पहिलं का लिहिलंस?

मुख्य परीक्षेचा निकाल लागला की दोन दिवस फोन वाजत राहतात, पेढे वाटले जातात आणि मग अर्ज भरायची वेळ येते. यूपीएससीच्या मुलांच्या तोंडी त्याचं नाव डॅफ-टू. त्यात एक रकाना असतो सेवांच्या पसंतीक्रमाचा. समोर वीसेक सेवांची यादी, तुम्ही फक्त क्रम लावायचा आणि अर्ज लॉक करायचा. नंतर बदल नाही. नवी पेठेतल्या आमच्या अभ्यासिकेत या रकान्यावर कोणी फार डोकं खपवत नसे. आयएएस एक, आयपीएस दोन, नाहीतर परदेश सेवा दोन, मग महसूल. गेल्या वर्षी निवड झालेल्या कुणाची तरी यादी व्हॉट्सॲपवर फिरत असायची, तीच उतरवून काढायची पद्धत.

मी आयपीएस एक लिहिलं आणि आयएएस दोन.

त्यानंतर ज्याला त्याला उत्तर द्यावं लागलं. रूममेटला, बार्शीला वडिलांना, क्लासच्या सरांना. सर म्हणाले, "मंडळ पहिला प्रश्न हाच विचारणार. 'आवड आहे' हे उत्तर चालायचं नाही." त्यांचं खरं होतं. मुलाखत २७५ गुणांची आणि त्या रकान्यातली अदलाबदल लांबूनही दिसणारी. पुढचा सगळा हिवाळा मी या एका प्रश्नामागे हिंडले. वर्तमानपत्रं, महिन्याची मासिकं, चालू घडामोडी हे सगळं इतर करतात तसंच केलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आयपीएस पहिलं लिहिण्यामागे मामा होते. मामा पुणे शहर पोलिसांत. शिपाई म्हणून भरती झाले, आता सहायक फौजदार. इंजिनिअरिंगची चार वर्षं मी शिवाजीनगरच्या पोलीस लाईनमध्ये त्यांच्याच घरी काढली. त्यामुळे पोलीस मला आधी दिसले ते खालून. धुवून वाळत घातलेली खाकी, रात्रपाळीहून आल्यावर बादलीत पाय सोडून बसलेले मामा, आणि 'साहेब' या न दिसणाऱ्या माणसाच्या मर्जीवर हलणारं घराचं वेळापत्रक. सुट्टी मिळणार का? साहेबांनी सही केली तर.

अर्ज भरल्यावर मी वही घेऊन मामांसमोरच बसले. "मामा, साहेब नक्की करतो काय?"

ते हसले. "साहेब दोन जातीचे बघ. डायरेक्ट आणि प्रमोटी. प्रमोटी साहेबाला ठाणं ठाऊक असतं, त्याला गंडवता येत नाही. डायरेक्ट साहेब येतो तेव्हा आमच्या पोराच्या वयाचा. पहिले सहा महिने आम्ही त्याला चालवतो, मग तो आम्हाला."

पुस्तकात हेच तीन दरवाजे म्हणून दिलेलं असतं. शिपायाची भरती जिल्हा पातळीवर, फौजदार आणि उपअधीक्षक एमपीएससीतून, आणि सहायक अधीक्षक यूपीएससीतून. राज्याचा उपअधीक्षक पुढे बढतीने आयपीएसमध्ये येऊ शकतो, वरिष्ठ पदांच्या एक तृतीयांश जागा त्यासाठी राखलेल्या असतात. महाराष्ट्राचं पोलीस दल सुमारे दोन लाखांचं. त्यात आयपीएसच्या मंजूर जागा तीनशेहून थोड्या जास्त. म्हणजे दलाचा डोलारा कुठल्या कुठे आणि ही वरची पातळ साय. (मी साय म्हटलं, मामा वेगळं काहीतरी म्हणाले, ते इथे लिहिण्याजोगं नाही.)

पण मामांच्या एका गोष्टीने माझं निम्मं काम केलं. विसर्जन मिरवणुकीचा बंदोबस्त. पुण्यात मिरवणूक चोवीस तासांच्या पुढे जाते हे सगळ्यांना माहीत आहे. पण अलका चौकात सकाळी लागलेला पोलीस दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथेच असू शकतो, हे ढोल-ताशा बघायला आलेल्यांच्या गावीही नसतं. बंदोबस्ताच्या जेवणाची पाकिटं येतात. पुरी, बटाट्याची भाजी, एखादी केळी. मामा म्हणाले, "वर्षानुवर्षं पाकीट आलं की भाजी आंबलेली. दुपारी बाराला भरलेलं आमच्या हातात रात्री नवाला पडायचं. एका वर्षी नवा डीसीपी आला, डायरेक्ट. पोरगाच. त्याने काय केलं, पॉइंटवर येऊन आधी पाकीट उघडलं. वास घेतला. स्वतः एक घास खाल्ला. आणि तिथूनच वायरलेसवर विचारलं, पाकिटं किती वाजता भरली, गाडी कुठून निघाली, कुठे थांबली. त्या रात्री दुसरं पाकीट गरम आलं. पुढच्या वर्षी तो साहेब नव्हता, बदलून गेला. पण पाकिटं दोनदा येण्याची पद्धत राहिली."

मी विचारलं, "आणि सगळे असेच करतात?"

"सगळ्यांनी केलं असतं तर मला हा एकटाच कशाला लक्षात राहिला असता?"

अभिरूप, म्हणजे सरावाच्या, मुलाखती सुरू झाल्या. पुण्यात याची एक चळवळच आहे. बाणेर रस्त्यावरच्या यशदा या सरकारी प्रशिक्षण संस्थेपासून ते सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांच्या क्लासपर्यंत सगळीकडे पॅनेल बसतं, निवृत्त अधिकारी, प्राध्यापक, मानसशास्त्राच्या एखाद्या बाई. घटनेचं कलम ३१२ सगळेच विचारायचे. आयएएस आणि आयपीएस या दोनच सेवा घटनेत नावानिशी आहेत, अखिल भारतीय सेवांचा कायदा १९५१चा, संविधान सभेत १० ऑक्टोबर १९४९ रोजी सरदार पटेल या सेवांच्या बाजूने ठामपणे उभे राहिले, त्यांच्याच नावाची अकादमी आधी माउंट अबूला आणि मग हैदराबादला. हे पाठ असलं की पॅनेल मान डोलावतं आणि पुढच्या प्रश्नाला जातं.

न डोलावणारे एकच भेटले. अपर पोलीस महासंचालक म्हणून निवृत्त झालेले, बाणेरला राहतात. मुलांना घरी बोलावून तासभर देतात, पैसे घेत नाहीत आणि फार गोडही बोलत नाहीत. त्यांनी समोर कोरा कागद ठेवला.

"वर दिल्ली लिहा. खाली मुंबई. आता मी विचारतो ते बाणाने दाखवा. तुमची निवड कोण करतं?"

"यूपीएससी, सर."

"नेमणूक?"

"राष्ट्रपतींच्या नावाने."

"केडर, म्हणजे कुठलं राज्य, ते कोण देतं?"

"केंद्रीय गृह मंत्रालय."

"पगार?"

इथे मी क्षणभर थांबले. "राज्याच्या तिजोरीतून."

"पोस्टिंग? बदली?"

"राज्य सरकार. आपल्याकडे आयपीएसच्या बदलीचा अधिकार मुख्यमंत्र्यांचा."

"निलंबन?"

"राज्य करू शकतं."

"बडतर्फी?"

"केंद्र."

कागदावर बाणांचं जाळं झालं होतं. त्यांनी तो उलटा करून माझ्याकडे सरकवला. "आता सांगा, तुम्ही कोणाच्या?"

मी म्हटलं, कायद्याची. ते म्हणाले, "हे पोस्टरवर लिहा. मला उत्तर हवंय."

उत्तर त्यांनीही दिलं नाही, पण कागद घरी न्यायला दिला. मी तो भिंतीवर चिकटवला आणि बघत राहिले. हळूहळू त्यातलं एक लक्षात आलं, तेच माझ्या मुलाखतीचं सगळं भांडवल ठरलं. दिल्लीच्या बाजूला जे बाण जातात ते सगळे नोकरीचे आहेत. निवड, नेमणूक, बडतर्फी. मुंबईच्या बाजूचे, पगार सोडला तर, सगळे खुर्चीचे. कुठे बसवायचं, किती दिवस बसवायचं, कधी उठवायचं. घटनाकारांनी नोकरीला भक्कम कुलूप लावलं. अधिकारी नोकरी जाण्याच्या भीतीने वाकणार नाही याची तजवीज केली. पण पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे दोन्ही विषय राज्यसूचीत. लोकांनी निवडून दिलेल्या राज्य सरकारलाच त्यांचा जाब द्यावा लागतो, म्हणून खुर्ची त्याच्या हातात असणंही रास्तच. त्यामुळे आयपीएस अधिकाऱ्याला नोकरीची चिंता सहसा नसते, चिंता असते ती पोस्टिंगची. मामांच्या भाषेत, क्रीम म्हणजे मोक्याची आणि साइड म्हणजे बाजूला टाकल्यासारखी.

हे पुस्तकात सापडतं, पण मला ते दिसलं एका पाटीवर. मामांचा एक बॅचमेट पुण्याजवळच्या एका जिल्ह्यात पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात रीडर शाखेला होता. मी बघायला जाऊ का विचारलं, ते म्हणाले या, चहा घेऊन जा. साहेब दौऱ्यावर होते. बाहेरच्या दालनात भिंतीवर सागवानी पाटी. वार्निश काळपट झालेलं, त्यावर पांढऱ्या रंगात नावं. तीन रकाने: नाव, पासून, पर्यंत. वरच्या ओळींत इंग्रज साहेब, मग हळूहळू आपली आडनावं, नावांपुढे इंग्रजांच्या काळातलं आय.पी. जाऊन भा.पो.से., म्हणजे भारतीय पोलीस सेवा, आलेलं. जुनी अक्षरं एका हाताची, वळणदार, नंतरची तीन-चार वेगवेगळ्या पेंटरांची. मी वही काढून तारखांची वजाबाकी करत उभी राहिले. वरच्या भागात तीन वर्षं, चार वर्षं. खाली येता येता दोन, सव्वा, कुठे अकरा महिने, एक तर पाच महिन्यांचे. पाटीच्या खालच्या भागात जागा संपत आल्याने अक्षरं बारीक करावी लागली होती.

रीडर काका चहा घेऊन आले. "काय बघताय ताई?"

"पाच महिन्यांत माणूस जिल्ह्याचं काय करत असेल हो?"

"पाच महिन्यांत? ठाण्यांच्या भेटी संपतात."

पोलीस सुधारणांवरचा सर्वोच्च न्यायालयाचा २२ सप्टेंबर २००६चा प्रकाश सिंग निकाल आम्ही सगळेच पाठ करायचो. सात निर्देश, त्यांची नावं, कोणत्या राज्याने काय केलं. पाटी बघून आल्यावर मी तो पुन्हा वाचला आणि कळलं, की त्याच्या गाभ्याशी हेच आहे, खुर्चीला कुलूप लावायचा प्रयत्न. महासंचालक यूपीएससीने निवडलेल्या तिघांच्या पॅनेलमधून नेमावा आणि त्याला किमान दोन वर्षं द्यावीत. जिल्ह्याचा अधीक्षक आणि ठाण्याचा प्रमुख यांनाही दोन वर्षं. बदल्यांसाठी पोलीस आस्थापना मंडळ. महाराष्ट्राने २०१४ साली १९५१च्या पोलीस कायद्यात दुरुस्ती करून दोन वर्षांचा कार्यकाळ घातला. आणि त्याच कलमात एक खिडकीही ठेवली: अपवादात्मक परिस्थितीत, लोकहितासाठी आणि प्रशासकीय निकड म्हणून मुदतीआधी बदली करता येते. प्रशासकीय निकड हा शब्द पुढे मला बदल्यांच्या बातम्यांत इतक्यांदा दिसला, की निकड नसलेला दिवस कोणता, असा प्रश्न पडावा.

आयएएसच्या खाली आयपीएस का नाही, हा वडिलांचा प्रश्न मात्र अजून उरलाच होता. त्यांच्या लेखी कलेक्टर म्हणजे जिल्ह्याचा राजा. त्यांना समजावताना मला पुण्याचाच नकाशा उपयोगी पडला. एका पुणे जिल्ह्यात पोलिसांच्या तीन व्यवस्था आहेत. पुणे शहर आयुक्तालय १९६५चं, पिंपरी-चिंचवड आयुक्तालय २०१८चं, आणि उरलेला पुणे ग्रामीण अधीक्षकांकडे. बोपोडीहून हॅरिस पूल ओलांडून दापोडीत गेलं की आयुक्त बदलतात. पुढे हद्द संपून मावळात उतरलं की आयुक्तच राहत नाहीत. फरक नुसत्या पाटीचा नाही. एखाद्या गुंडाला तडीपार करायचं तर शहरात उपायुक्त सुनावणी घेऊन आदेश काढतात. म्हणजे प्रस्ताव पोलिसांचा आणि निकालही पोलीस अधिकाऱ्याचा. ग्रामीणमध्ये एकट्या माणसाचा असा प्रस्ताव प्रांतांकडे जातो, ते महसूलचे. जमावबंदीचंही तसंच. शहरात आयुक्तांची सही, ग्रामीणमध्ये दंडाधिकारी म्हणून कलेक्टरची.

वडील म्हणाले, "मग शहरातला पोलीसच फिर्यादी आणि पोलीसच न्यायाधीश?"

यावर आमचं फोनवर बराच वेळ वाजलं. खरं सांगायचं तर त्यांचा मुद्दा बिनतोड होता. आयुक्तालयाच्या बाजूने बोलणारे सांगतात, मोठ्या शहरात दंगल पेटली तर कलेक्टर ऑफिसच्या परवानगीची वाट बघायला वेळ नसतो. ते खरं आहे. पण तडीपारी काही दंगलीसारखी तासाभरात उरकायची नसते. तिथे महसूलचा दुसरा डोळा असलेला बरा, असं माझं आजही मत आहे. मी ते मुलाखतीतही तसंच सांगायचं ठरवलं, आयपीएस पहिलं लिहून.

मंत्रालयातली उतरंड बाणेरच्या सरांनी एका वाक्यात उरकली. महासंचालक दलाचे प्रमुख, पण फाइल जाते गृह विभागात आणि तिथे अपर मुख्य सचिव आयएएस. "धोरण ठरवताना आपण सल्ला द्यायचा. तो मानला नाही तर तोंड पाडून बसायचं नाही. आणि चुकीचा लेखी आदेश आला तर आपलं म्हणणं लेखीच कळवायचं. तोंडी आदेश आला तर?" मी गप्प. "तर म्हणायचं, सर, तेवढं लेखी द्या. निम्मे आदेश तिथेच मरतात."

त्यांच्याकडूनच समजलं की आयपीएसचा आवाका खाकीच्या पलीकडेही केवढा आहे. राज्यात तुरुंग, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, राज्य राखीव दल. केंद्रात सीबीआय, गुप्तवार्ता विभाग, सीमा सुरक्षा दल, सीआरपीएफ यांच्या प्रमुखपदी आयपीएस. तळेगावजवळ सुदुंबऱ्याला एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, पाचवी बटालियन आहे. ३० जुलै २०१४ला माळीणवर डोंगर कोसळला तेव्हा हेच दल तिथे ढिगारा उपसत होतं. त्या दलाचे महासंचालकही आयपीएसच असतात. केंद्रीय दलांतल्या स्वतःच्या अधिकाऱ्यांची यावर जुनी नाराजी आहे: आम्ही सीमेवर, छावणीत आयुष्य काढायचं आणि वरची जागा प्रतिनियुक्तीवर आलेल्याने घ्यायची. ती नाराजी मला मामांच्या 'डायरेक्ट' या शब्दातही ऐकू यायची, फक्त आवाज खालचा.

शारीरिक पात्रतेचं थोडक्यात. पुरुषांना १६५ सेंटीमीटर उंची, स्त्रियांना १५०. मी त्यात आरामात बसत होते. आमच्या मेसमधला एक मुलगा मात्र दर रविवारी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहायचा आणि पेन्सिलीची रेघ वर सरकल्याचं आम्हाला पटवायचा. रेघ सरकत होती ती पेन्सिल धरणाऱ्याच्या दयेने.

दिल्ली. शहाजहान रोडवरचं धोलपूर हाउस, यूपीएससीचं कार्यालय. मी मराठीत मुलाखत देत होते, त्यामुळे खोलीत दुभाषी. अध्यक्ष आणि चार सदस्य. पहिला प्रश्न क्लासच्या सरांनी सांगितला होता तो आलाच नाही. अध्यक्षांनी बार्शीच्या ज्वारीवर विचारलं, मग इंजिनिअरिंगवर, आणि मी सैलावले तेव्हा उजवीकडच्या सदस्यांनी अर्ज वर उचलला.

"आयपीएस पहिलं. वर्दी आवडते?"

मी पुरी-भाजीच्या पाकिटाची गोष्ट सांगितली. पूर्ण सांगितली नाही, दुभाष्यासाठी थांबत थांबत चार वाक्यांत. म्हटलं, दोन लाख माणसांचं दल कसं वागेल हे वरची तीनशे माणसं रोज काय तपासतात यावर ठरतं, आणि तेवढ्या जवळून परिणाम करता येईल अशी दुसरी जागा मला दिसली नाही.

"एखाद्या आमदारांचा फोन आला, आमच्या माणसाला अटक करू नका. काय कराल?"

"फोन घेईन, सर. ते लोकप्रतिनिधी आहेत, त्यांना काही माहिती असू शकते. ती तपास अधिकाऱ्याला देईन. अटक करायची की नाही, हे त्याने कायद्याने आणि पुराव्याने ठरवायचं, आणि तो ठरवत असताना त्याला फोन जाणार नाहीत एवढं मी बघेन."

"आणि पुढच्या आठवड्यात तुमची बदली झाली?"

"कायद्यात दोन वर्षं आहेत, अपवादही आहेत. आदेशात कारण काय दिलंय ते वाचेन. टिकणारं नसेल तर केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात, कॅटमध्ये, जायचा मार्ग आहे."

"जाल?"

मी म्हटलं, "बहुतेक नाही, सर. नव्या जागी रुजू होईन. पण जाण्याआधी त्या गुन्ह्याची केस डायरी पूर्ण झालेली असेल."

अध्यक्षांच्या डावीकडच्या बाई पहिल्यांदाच वर बघून म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही लढणार नाही." माझं उत्तर त्यांना पटलं नव्हतं, हे चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. आजही मला ते उत्तर पुरेसं वाटत नाही, पण दुसरं सुचलेलंही नाही. प्रत्येक बदलीविरुद्ध न्यायाधिकरणात जाणारा अधिकारी काम कधी करणार, आणि कोणीच गेलं नाही तर ते दोन वर्षांचं कलम कोणासाठी, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. मग आयुक्तालयाचा प्रश्न आला. तडीपारीबद्दल मी वडिलांची बाजू मांडली. त्यावर मात्र सगळे मनापासून बोलले, आपापसातही.

निकाल लागला, यादीत नाव होतं. क्रमांक आयपीएसपर्यंत पोचणारा नव्हता. मिळाली भारतीय संरक्षण लेखा सेवा. ज्या रकान्यावरून मी वर्षभर उत्तरं देत हिंडले, त्यात ती बरीच खाली होती. गंमत म्हणजे या सेवेची अकादमी पुण्यातच आहे. बाकीचे पेटी बांधून कुठे कुठे निघाले आणि मी पुन्हा पुण्याची गाडी पकडली.

लाईनमध्ये पेढे घेऊन गेले तेव्हा मामांनी सेवेचं नाव दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे लष्कराची बिलं तू पास करणार."

"साधारण तसंच."

"मग आधी माझा प्रवासभत्ता बघ. मार्चपासून अडकलाय."

ते माझ्या खात्यात येत नाही, हे पटवायला मला पेढ्यांचा निम्मा पुडा लागला.